केसपेपरचा साक्षीदार

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातांकडे पाहिले, तर बहुतेकांजवळ एक प्लॅस्टिकची पिशवी दिसते. तीत जुने केसपेपर असतात, रक्ता-लघवीचे रिपोर्ट असतात, एक्स-रेचे मोठे पाकीट दुमडून कोंबलेले असते, औषधांच्या कापलेल्या पट्ट्या असतात आणि घडीवर फाटत आलेले एखादे डिस्चार्ज कार्ड असते. आपल्याकडच्या कितीतरी रुग्णांचा सारा वैद्यकीय इतिहास या पिशवीत राहतो. या व्यवस्थेचा एक गुण मान्य केला पाहिजे. पिशवी रुग्णाच्या हातात असते आणि त्याने उघडल्याशिवाय ती कोणी पाहत नाही. दोष मात्र पुष्कळ. ती पावसात भिजते, घर बदलताना हरवते आणि अपघात झाला की नेमकी घरी राहते. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची चिठ्ठी गावच्या घरात आणि रुग्ण शहरातल्या अतिदक्षता विभागात, अशी वेळ आली तर ती जिवावर बेतू शकते.

या पिशवीला पर्याय म्हणून गेल्या काही वर्षांत दोन शब्द जोडीने ऐकू येतात, क्लाउड आणि ब्लॉकचेन. नोंदी क्लाउडवर ठेवा, त्यांना ब्लॉकचेनचे संरक्षण द्या, म्हणजे त्या कुठूनही मिळतील आणि कोणालाही चोरता येणार नाहीत, असे सांगितले जाते. या विधानाचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. ब्लॉकचेन हे कुलूप नव्हे. चोर आला तर ती त्याला अडवत नाही. तिचे काम साक्षीदाराचे आहे. कोणती नोंद केव्हा झाली, नंतर तिला कोणी हात लावला का, एवढेच ती सांगते, पण ते असे सांगते की रुग्णालयाच्या मालकालाही ती साक्ष फिरवता येत नाही. वैद्यकीय नोंदींना कुलपाची गरज आहेच, पण साक्षीदाराची गरज काही बाबतींत त्याहून मोठी आहे आणि आपल्याकडे उभ्या राहणाऱ्या राष्ट्रीय व्यवस्थेत हाच साक्षीदार अर्धवट राहिला आहे, असे माझे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी आधी फाइल कोणाची या जुन्या प्रश्नाकडे जावे लागेल.

फाइल कोणाची?

पिशवीत असते ते रुग्णाचे अर्धेच दप्तर. दाखल झाल्यावर जे कागद तयार होतात, म्हणजे परिचारिकांनी दर काही तासांनी भरलेला तक्ता, शस्त्रक्रियेची टिपणे, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोंद, औषधे दिल्याच्या वेळा, ते सारे रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये राहतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला. उपचारासाठी लिहिलेला हा कागद त्यामुळे पुराव्याचा कागदही झाला. पाठोपाठ १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र वैद्यक परिषदेविरुद्धच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, रुग्णाच्या स्वतःच्या केसपेपरच्या प्रती देताना रुग्णालयाला गोपनीयतेची सबब पुढे करता येणार नाही. पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने मुदतही घातली. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या आणि मागणी आल्यास ७२ तासांत प्रती द्यायच्या.

हक्क मिळाला, मुदत मिळाली. तरीही एक भोक राहिले. रुग्ण दगावल्यापासून नातेवाइकांच्या हाती प्रत पडेपर्यंत तो कागद एकाच पक्षाच्या ताब्यात असतो. पहाटे तीनला रक्तदाब घसरला आणि डॉक्टरांना साडेतीनला बोलावले असे फाइलमध्ये लिहिलेले आहे. ते त्या वेळी लिहिले, की दुपारी भांडण झाल्यावर लिहिले? हा प्रश्न दोन्ही बाजूंना छळतो. नातेवाइकांना वाटते फाइल बदलली. मनापासून काम केलेल्या डॉक्टरला ती बदललेली नाही हे सिद्ध करता येत नाही. अविश्वासाच्या अशा वातावरणात प्रकरणे कुठपर्यंत जातात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

कागदावर निदान खाडाखोड दिसते. शाई बदलते, अक्षर बदलते, दोन ओळींच्या मध्ये कोंबलेला शब्द डोळ्यांत भरतो. संगणकात तेही नाही. ९० चा आकडा पुसून १२० केला की जणू तो पहिल्यापासून १२०च होता. चांगल्या प्रणालीत असा प्रत्येक बदल वेगळ्या नोंदवहीत टिपला जातो, पण ती नोंदवहीसुद्धा त्याच रुग्णालयाच्या सर्व्हरवर असते आणि तिची किल्ली त्याच रुग्णालयाच्या संगणक विभागाकडे असते. आरोपीनेच पंचनामा लिहावा, तसे हे झाले.

जोडावरचा शिक्का

ही अडचण संगणकाने जन्माला घातलेली नाही. मराठेशाहीतल्या दप्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना तिची जुनी उत्तरे ठाऊक असतील. लांब मजकुराचा कागद तयार करताना कागदाचे बंद एकाखाली एक डकवत. मधला एखादा बंद काढून दुसरा घालू नये म्हणून मागच्या बाजूला जोडावर शिक्का मारत. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मजकूर संपला की तिथे मर्यादा मुद्रा उमटवायची, म्हणजे तिच्यापुढे कोणी ओळ वाढवली तर ती उघडी पडते. वतनाच्या तंट्यात महजर होई, तेव्हा गोताच्या आणि बलुतेदारांच्या समक्ष निवाडा लिहून पाटील आपली नांगराची निशाणी करी आणि इतरही आपापल्या निशाण्या करीत. एक कागद खोटा करायचा तर इतक्या साक्षीदारांना फोडावे लागे.

ब्लॉकचेनमध्ये नवे असे जे आहे, ते या तीन युक्त्यांना गणिताची जोड मिळाली, एवढेच. त्यातला पहिला घटक म्हणजे हॅश. आपण त्याला ठसा म्हणू. कोणतीही संगणकीय फाइल, मग ती दोन ओळींची चिठ्ठी असो की एमआरआयची शेकडो चित्रे, एका ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून घातली की ठरावीक लांबीचा ठसा मिळतो. शा-२५६ या प्रचलित पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. तीच फाइल पुन्हा घातली तर तोच ठसा येतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तर ओळखू न येण्याइतका वेगळा ठसा येतो. ठशावरून मूळ फाइल उभी करता येत नाही. त्यामुळे मजकूर न दाखवता आपण मजकुराची साक्ष ठेवू शकतो.

दुसरा घटक जोडावरच्या शिक्क्याचा. १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकेतल्या बेलकोर संस्थेच्या दोन संशोधकांनी संगणकीय दस्तऐवजावर खात्रीची वेळ कशी नोंदवावी, यावर एक निबंध लिहिला. वेळेचा शिक्का मारणारा अधिकारीच फितूर झाला तर काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे की, प्रत्येक नव्या शिक्क्यात आधीच्या शिक्क्याचा ठसा गुंफायचा. मग मधला एक शिक्का बदलायचा झाला तर त्याच्यापुढचे सगळे बदलावे लागतात. पुढे त्यांच्या पद्धतीवर उभ्या राहिलेल्या कंपनीने १९९५ पासून आठवड्याचा एकत्रित ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोट्या जाहिरातीसारखा छापायला सुरुवात केली. जगभरच्या ग्रंथालयांत गेलेले अंक आता कोण परत गोळा करणार? वर्तमानपत्राचा प्रत्येक वाचक नकळत साक्षीदार झाला. २००८ साली बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या आठ संदर्भांपैकी तीन हेबर-स्टॉर्नेटा यांच्या निबंधांचे होते. नाण्यांच्या सट्ट्यामुळे बदनाम झालेल्या या तंत्राचे मूळ असे दस्तऐवजाच्या साक्षीत आहे.

तिसरा घटक हिशेबाचा. देशभरात रोज लाखो नोंदी होत असतील तर प्रत्येकीचा ठसा वर्तमानपत्रात कसा छापणार? राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये सुचवलेली रचना इथे कामी येते. स्पर्धेतल्या बाद फेऱ्यांसारखी ती चालते. दोन ठसे एकत्र करून त्यांचा एक ठसा काढायचा, अशा दोन जोड्यांचा पुन्हा एक, असे करत शेवटी एकच ठसा उरतो. दहा लाख नोंदी असल्या तरी वीस फेऱ्यांत शेवटचा ठसा हाती येतो. आपली नोंद त्यात होती हे दाखवायला इतर कोणाच्याही नोंदी उघडाव्या लागत नाहीत. प्रत्येक फेरीत आपल्या जोडीला आलेला ठसा, असे वीस ठसे दाखवले की पुरे.

एस्टोनियाचा अनुभव

हे कागदावर छान दिसते, प्रत्यक्षात कुठे चालते का? या प्रश्नावर बहुतेक लेखक बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाचे नाव घेतात. लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षाही कमी. त्यामुळे तिथली व्यवस्था जशीच्या तशी उचलून इथे आणता येणार नाही. पण तिच्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

एप्रिल २००७ मध्ये या देशाच्या बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळांवर मोठा सायबर हल्ला झाला. आपल्या सरकारी नोंदी कोणी गुपचूप बदलल्या तर ते कळणार कसे, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. त्याच वर्षी तालिनमध्ये स्थापन झालेल्या गार्डटाइम या कंपनीने एस्टोनियन गणितज्ञ आह्तो बुल्डास आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनावर आधारलेली ठशांची साखळी तयार केली. तीत दर सेकंदाला जमा झालेल्या ठशांचा बाद फेऱ्यांच्या पद्धतीने एक ठसा होतो, तो कालक्रमाच्या साखळीत जोडला जातो आणि ठरावीक काळाने एकत्रित ठसा ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये छापला जातो. २०१२ पासून तिथल्या सरकारी नोंदवह्यांत ही साखळी वापरात आली आणि २०१६ मध्ये आरोग्य नोंदींसाठीही कंपनीशी सहकार्याचा करार झाला. इथे बिटकॉइनसारखी अनोळखी संगणकांची चढाओढ नाही, म्हणून काही जाणकार तिला ब्लॉकचेन म्हणायलाही तयार नसतात. नावाचा वाद सोडून दिला तरी काम तेच आहे, साक्षीचे.

साखळीत रुग्णांच्या नोंदी नाहीत, फक्त ठसे आहेत. खुद्द नोंदी २००८ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणालीत असतात. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती सोय दिसायला अगदी साधी आहे. नागरिक आपल्या ओळखपत्राने आरोग्याच्या संकेतस्थळावर गेला की, आपली नोंद कोणी आणि केव्हा पाहिली याची यादी त्याला दिसते. ओळखीचे नाव नसेल तर तो जाब विचारू शकतो. विनाकारण डोकावणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर कारवाई झाल्याची उदाहरणे तिथे आहेत. एखादा आजार कोणालाच दिसू नये असे वाटल्यास तो झाकूनही ठेवता येतो. साखळी कितीही भक्कम असली, तरी तिच्या साक्षीला अर्थ येतो तो या यादीमुळे. साक्ष ऐकणारा असावा लागतो.

साखळीत काय ठेवू नये

इथे एका गैरसमजाला हात घालणे भाग आहे. सगळ्या नोंदी सांकेतिक भाषेत बदलून ब्लॉकचेनवरच ठेवाव्यात, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो धोक्याचा आहे. साखळीचा गुण म्हणजे तिच्यातून काही पुसता येत नाही, आणि नेमका हाच गुण आजाराच्या नोंदीबाबत दोष ठरतो. आज न फुटणारी सांकेतिक भाषा तीस वर्षांनी फुटू शकते. आज वीस वर्षांच्या असलेल्या मुलीची मानसोपचाराची नोंद तिच्या पन्नाशीत जगजाहीर झाली तर ती कोणी परत घेऊ शकणार नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि खोडून घेण्याचा हक्क दिला आहे. साखळीत घातलेली माहिती खोडणार कशी?

फिनलंडमधल्या प्रकरणावरून या नोंदी किती नाजूक असतात ते कळते. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या एका मानसोपचार केंद्राच्या हजारो रुग्णांची टिपणे चोरीला गेल्याचे उघड झाले. चोराने आधी केंद्राकडे खंडणी मागितली आणि मग एकेका रुग्णाला थेट पत्र पाठवून पैसे मागितले, नाहीतर तुम्ही बंद खोलीत काय बोललात ते प्रसिद्ध करू, म्हणून. बँकेचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो. आयुष्यात घडलेले बदलता येत नाही.

तेव्हा कामाची वाटणी अशी करावी लागते. मूळ नोंद क्लाउडवर, पण सांकेतिक रूपात. क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या मालकीचे, दूर कुठेतरी चालणारे संगणक. दहा खाटांच्या रुग्णालयाला स्वतःचा सर्व्हर, वातानुकूलित खोली आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ परवडत नाही. भाड्याची जागा परवडते. जागा भाड्याची असल्यामुळे आत काय आहे ते मालकाला वाचता येऊ नये, म्हणून फाइल आधी सांकेतिक करायची आणि मग पाठवायची. फाइलची किल्ली डॉक्टरच्या जाहीर किल्लीत गुंडाळून फक्त त्यालाच पाठवता येते. एका पाकिटात दुसरे पाकीट, तसे. साखळीत जायचा तो केवळ ठसा, परवानगीची नोंद आणि उघडल्याची नोंद. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २०१६ साली मेडरेक नावाचा जो प्रयोग झाला, त्यातही हाच विवेक होता. नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहिल्या. साखळीवर कोणती नोंद कुठे आहे आणि ती कोणाला पाहता येईल, एवढेच होते.

ठसासुद्धा सरसकट सुरक्षित नसतो. समजा कोणी नुसत्या रक्तगटाचा ठसा साखळीत ठेवला. रक्तगट आठच. आठही ठसे काढून जुळवायला क्षणही लागत नाही. दहा आकडी मोबाइल क्रमांकाचा ठसाही तसाच, संगणक सगळे क्रमांक भराभर तपासून जुळवून देतो. म्हणून ठसा काढण्यापूर्वी मजकुरात एक लांबलचक यादृच्छिक संख्या मिसळतात. तंत्रज्ञ तिला मीठ म्हणतात. आपल्या भाषेत हा शब्द चपखल बसतो. हे मीठ घातले नाही तर सगळी रेसिपी अळणी, आणि घातले की ठशावरून चव ओळखता येत नाही. मीठ व मूळ नोंद दोन्ही नष्ट केली की साखळीत उरलेला ठसा निरर्थक होतो. खोडण्याच्या हक्काचा मान राखण्याची ही एक व्यवहार्य वाट आहे.

दार उघडावेच लागते

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बँकेची तिजोरी आणि रुग्णाची फाइल यांत एक फरक आहे. तिजोरी दोन तास उघडली नाही तर गैरसोय होते, फाइल उघडली नाही तर माणूस मरू शकतो. महामार्गावरच्या अपघातात बेशुद्ध झालेला माणूस ओटीपी सांगणार नाही, संमतीही देणार नाही. म्हणून वैद्यकीय व्यवस्थेत आणीबाणीचा दरवाजा ठेवावाच लागतो. डॉक्टरने आपले नाव आणि कारण नोंदवायचे आणि संमतीविना फाइल उघडायची.

असा दरवाजा ठेवला की कुलपाची मर्यादा उघडी पडते. जो दरवाजा खऱ्या आणीबाणीत उघडतो तो खोट्या आणीबाणीतही उघडेल. शेजारणीच्या आजाराबद्दल कुतूहल, लग्न ठरवण्याआधीची चौकशी, निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्याचा मागोवा अशी कारणे कल्पनेतली नाहीत, माणसाच्या स्वभावातली आहेत. इथे मोह आवरणारी गोष्ट एकच, आपण उघडले हे कळणार आहे आणि ती नोंद आपल्याला पुसता येणार नाही, ही जाणीव. कुलूप कमी पडते तिथे साक्षीदार उपयोगी पडतो, तो असा. आणीबाणीत उघडलेल्या प्रत्येक फाइलची नोंद लगेच साखळीत जावी आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाला ती सांगितली जावी. मग दरवाजा सैल ठेवूनही व्यवस्था भरवशाची राहू शकते.

साक्षीदार काय करू शकत नाही

साक्षीदाराकडून भलत्या अपेक्षा ठेवल्या तर निराशा होते, म्हणून त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक करून टाकल्याचे सरकारने नंतर संसदेत सांगितले. देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतची कामे कितीतरी दिवस हाताने, कागदावर चालवावी लागली. अशा वेळी ठशांची साखळी असती तरी काय झाले असते? परत मिळालेली माहिती मूळचीच आहे, एवढी खात्री देता आली असती. पण माहिती परत आणून देणे साखळीच्या हातात नव्हते. त्यासाठी दुसऱ्या ठिकाणी, मूळ प्रणालीपासून तोडून ठेवलेली प्रत लागते. तिथे नीट वापरलेले क्लाउड कामाला येते, ब्लॉकचेन नाही.

एस्टोनियातही ठेच लागलीच. २०१७ मध्ये तिथल्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये गणिती दोष सापडला आणि सुमारे साडेसात लाख पत्रांची प्रमाणपत्रे तात्पुरती थांबवावी लागली. साक्षीदार शाबूत होता, किल्ली कच्ची निघाली. २०२३ मध्ये तार्तू शहरातल्या एका खासगी जनुकीय चाचणी प्रयोगशाळेतून सुमारे दहा हजार लोकांची माहिती चोरीला गेली. साखळी सरकारी नोंदवहीवर पहारा देत होती, चोर शेजारच्या दुकानात शिरला.

सर्वांत मोठी मर्यादा गणिताबाहेरची आहे. परिचारिकेने रक्तदाब न मोजताच तक्त्यात आकडा भरला, तर साखळी तो खोटा आकडा वर्षानुवर्षे इमानाने जपेल. खरे काय ते साखळीला कळत नाही. तिला फक्त केव्हा लिहिले ते कळते. तरी ‘केव्हा’ हेही थोडे नाही. पहाटे तीनची म्हणून दाखवलेली नोंद सकाळी अकराला लिहिली गेली असेल, तर ते झाकता येत नाही. प्रामाणिक दुरुस्तीला मज्जाव नाही, पण ती जुन्या नोंदीवर गिरवून करता येत नाही. हिशेबाच्या वहीत जशी चुकीची रक्कम न खोडता खाली दुरुस्तीची नोंद घालतात, तशीच ती इथे करावी लागते.

आपल्या अंगणात

भारतात या दिशेने झालेले सर्वांत मोठे काम म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. १५ ऑगस्ट २०२० ला घोषणा झाली, आधी केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर सुरू झाले. चौदा अंकी आभा क्रमांक ही त्याची ओळख. सगळ्या देशाच्या नोंदी एका जागी गोळा करायच्या नाहीत, ज्या रुग्णालयात त्या झाल्या तिथेच राहू द्यायच्या, हा त्याचा मूळ विचार मला शहाणपणाचा वाटतो. दुसऱ्या डॉक्टरला नोंद हवी असेल तर रुग्णाकडे मागणी येते. कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातल्या, किती दिवसांसाठी, हे सारे त्या संमतीपत्रात असते आणि संमती मागेही घेता येते. नोंद एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जाताना दरवेळी नव्या किल्लीने सांकेतिक होते, मध्यस्थाला ती वाचता येत नाही. हे सगळे ब्लॉकचेनविना केलेले आहे. कुलूप म्हणून ते चांगले आहे.

उणीव आहे ती कुलपाच्या पलीकडे. संमती दिल्याची नोंद रुग्णाला दिसते. पण नोंद दुसऱ्या रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या संगणकावर ती कोणी कितीदा उघडली, हे संमतीपत्र सांगत नाही. रुग्णालयाच्या आत फाइल मागाहून बदलली का, हेही त्यातून कळत नाही. २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदींना संवेदनशील माहितीचा वेगळा दर्जा होता, २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. अशा वेळी साक्षीची गरज वाढते.

शिवाय आपल्याकडची एक गोष्ट एस्टोनियाच्या आराखड्यात सापडणार नाही. आपल्या कितीतरी घरांत मोबाइल एकच असतो आणि तो घरातल्या पुरुषाजवळ असतो. संमतीचा ओटीपी त्या मोबाइलवर येतो. बाईने क्षयरोगाची तपासणी केली, गर्भपात केला, मानसोपचार घेतला, तर नोंदीची किल्ली तिच्या हाती नसून मोबाइल ज्याच्या खिशात आहे त्याच्या हाती असते. गर्भपाताच्या कायद्याखालील नियमावलीने त्या नोंदवहीला गोपनीय दस्तऐवजाचा दर्जा दिला आहे, तो याच भीतीपोटी. कागदाच्या वहीला दिलेला हा आडोसा संगणकात गेल्यावर काढून घेतला जाऊ नये.

म्हणून मला तीन मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली, डिस्चार्जच्या वेळी रुग्णाची अंतर्गत फाइल बंद होताच तिचा ठसा रुग्णालयाबाहेरच्या सार्वजनिक साखळीत जावा आणि तोच ठसा डिस्चार्ज कार्डावर छापून मिळावा. म्हणजे ७२ तासांनी हाती आलेली प्रत तीच आहे का, हे कोणालाही ताडून पाहता येईल. रुग्ण दगावला तर फाइल त्याच क्षणी बंद व्हावी. यात रुग्णाइतकेच नेकीने वागणाऱ्या डॉक्टरचेही हित आहे. दुसरी, माझी नोंद कोणी पाहिली याची यादी मागण्याचा हक्क नियमांत स्पष्टपणे असावा. तिसरी, ही यादी मोबाइलवाचूनही मिळावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर बाईने स्वतः येऊन ओळख पटवली की छापील कागद तिच्या हाती पडावा. ज्या नोंदी तिने झाकायला सांगितल्या आहेत, त्या घरातल्या मोबाइलवर उमटू नयेत.

या तीन गोष्टींसाठी लागणारे गणित तीस-चाळीस वर्षे जुने आहे. पहिलीसाठी मोजके सर्व्हर आणि दर महिन्याला वर्तमानपत्रात छापायची एक ओळ पुरेल. उरलेल्या दोन्हींसाठी संगणकाहून अधिक लागतो तो निर्णय. प्लॅस्टिकच्या पिशवीत रुग्णाकडे निदान एवढे तरी होते की ती कोणी उघडली हे त्याला दिसत असे. पिशवी क्लाउडवर नेताना ते त्याच्याकडून काढून घेऊ नये.